गावदेवीचा डावा कौल

आमच्या ह्यांचा देवावर विश्वास नाही. नसू दे. माझा ह्यांच्यावर नाही, तरी इतकी वर्षं संसार झालाच ना! पण विश्वास नाही तर माणसाने गप्प बसावं. ते नाही. सकाळी चहाचा पहिला घोट घशाखाली उतरला की देव नाही हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय ह्यांना दुसरा घोट जात नाही. मला सांगून उपयोग नसतो, त्या वेळी मी देवांना आंघोळ घालत असते.

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं माझी सासू म्हणायची. मी घेते. कमळाकर. लाइटच्या बिलावर दर महिन्याला छापून येतं, त्याने ह्यांचं आयुष्य काही कमी झालेलं नाही, उलट पोट वाढलंय.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, चिखलोलीच्या अंगाला आमचं गाव. गाव म्हणायचं आपलं. भाताच्या खाचरांत आता टॉवर उभे राहिलेत आणि टॉवरातली माणसं गॅलरीत येऊन आमच्या कोंबड्यांचे फोटो काढतात. पण गावदेवी होती तिथेच आहे, आणि तिच्या देवळासमोर आमचं घर. देव न मानणाऱ्या माणसाला राहायला हीच जागा मिळाली, यावरूनच काय ते समजा.

ह्यांचा देव कसा गेला ते एकदा ऐका. दहावीला गणितात पास होऊ दे म्हणून ह्यांनी गावदेवीला नारळ बोलला. नापास. ऑक्टोबरला परत बसले, या वेळी रागाने काही बोललेच नाहीत. पास! झालं, त्या दिवसापासून देव नाही. लग्नानंतर मला मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. मी विचारलं, ऑक्टोबरला अभ्यास केला होता का? म्हणाले, केला होता. मार्चला? नव्हता केला. मग यात देवीचा काय दोष? तर म्हणाले, "अगं, तेच तर मी म्हणतो!" मी कपाळाला हात लावला आणि भाताला आधण ठेवलं.

पुढे सगळी नोकरी उल्हासनगरला, तीन नंबरच्या कॅम्पात. प्रीतमशेठच्या दुकानात जळलेल्या मोटरी नव्याने गुंडाळून द्यायच्या, पंखे दुरुस्त करायचे. शेठ सिंधी, मनाचा राजा. सकाळी शटर वर केलं की दुकानातल्या प्रत्येक मोटरीला अगरबत्ती ओवाळायचे. हे भडकायचे. म्हणायचे, शेठ, मोटर तांब्याच्या तारेवर चालते, धुरावर नाही. शेठ शांतपणे म्हणायचे, "साईं, मोटर तू बांध, अगरबत्ती मैं लगाता हूँ. ग्राहक को दोनों की गारंटी चाहिए." एवढं बोलून गल्ल्यालाही ओवाळून घ्यायचे. 

आणि नास्तिक म्हणजे तरी कसला! पंचक्रोशीतल्या एकूण एक देवळाची वायरिंग ह्यांच्या हातची, तीही फुकट. गणपतीत मखराची लायटिंग हेच करणार. सत्यनारायणाला हात जोडणार नाहीत, पण शिऱ्याचा द्रोण दोनदा घेणार, आणि वर म्हणणार, "शिरा दिसतो. जे दिसतं त्यावर माझा विश्वास आहे." रागावले की "देवाशप्पथ सांगतो, देव नाही!" असं ओरडतात. मी दाखवून दिलं की म्हणतात, ती सवय आहे. मग माझी पूजाही सवयच समजा की हो! ती तेवढी अंधश्रद्धा!

ह्यांच्या या बडबडीला पुरून उरलेला एकच माणूस. बाळाजी भावोजी. मूळचे तळकोकणातले, अंबरनाथला कंपनीत लागले आणि आमच्या शेजारी घर घेतलं ते कायमचे. त्यांच्या गावाकडे देवाला विचारल्याशिवाय कुणी विहीर खणत नाही की म्हैस विकत नाही. बायको गेली, मुलगा राजू आणि सून उन्नती हाताशी आहेत. हे आणि भावोजी रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा आमच्या ओट्यावर, आणि चहाबरोबर देव आहे की नाही. बिस्किटासारखं, बुडवून बुडवून.

"देव असता," हे म्हणायचे, "तर बारवी धरण भरलेलं असताना आपल्या नळाला करंगळीएवढी धार आली असती का?"

"धरण भरतो तो देव," भावोजी म्हणायचे. "नळ तुम्ही लोकांनी बसवलात."

"बरं, देव लागतो कशाला ते सांग. माझं एक तरी काम त्याच्यावाचून अडलंय?"

"तुझं नाही, माझं अडतं. तुझ्याशी बोलायला जो संयम लागतो तो मी कुठून आणू?"

असं रोज. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, कप मात्र मी विसळायचे.

तर गेल्या वर्षी भावोजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. सुरुवातीला आम्ही हसलो. एकदा त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या लुगड्याशी उभं राहून राजूच्या तक्रारी केल्या. आत येऊन मला म्हणतात, "वहिनी, आज तुम्ही किती शांतपणे ऐकून घेतलंत!" एकदा लाल गॅस सिलिंडरला वाकून नमस्कार केला, मारुती समजून. ह्यांनी तेवढ्यावरून आठवडाभर छळलं. भावोजी म्हणाले, "दिसत नाही म्हणून नाही असं तू म्हणतोस ना? मग मला तूही दिसत नाहीस. धुरकट ढेरी दिसते. आहेस की नाहीस?"

पण मग हसू थांबलं. भावोजी हायवेवर दूध आणायला गेले आणि सरळ टेंपोच्या पुढ्यात पाऊल टाकलं. हे मागे होते, कॉलर धरून ओढलं, दोघंही गटाराच्या कडेला पडले. दूध सांडलं. घरी आल्यावर हे अंगावरचा चिखल धुवायचंही विसरले, आणि भावोजी मात्र विचारत होते की टेंपो कुठल्या कंपनीचा होता.

उन्नती त्यांना उल्हासनगरच्या डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी बजावलं, उजव्या डोळ्यातला बिंदू पार पिकलाय, आता थांबलात तर नजर कायमची जाईल, मग मी काही करू शकणार नाही. साधं ऑपरेशन, सकाळी जाऊन दुपारी घरी. भावोजी सगळं ऐकून म्हणाले, "देवीला विचारतो."

आमच्याकडे देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर हो. डाव्या खांद्यावरची पडली तर नाही. एका माणसाला एका गोष्टीसाठी एकदाच विचारता येतं. आणि एका गोष्टीसाठी तिघांनीच विचारायचं, चौथा कौल नाही. बुधाजी भगत पाकळ्या लावतो, त्याच्या बापाने लावल्या, आजाने लावल्या.

भावोजींनी विचारलं. डावी पडली. राजूने बापासाठी विचारलं. डावी पडली. संपलं! भावोजी घरी येऊन खाटेवर बसले ते आंधळे व्हायची तयारी करूनच. उन्नतीला म्हणाले, माझी काठी शोधून ठेव. पोरगी आमच्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली. "काकी, बाबांना उचलून तर नाही ना नेता येत हो दवाखान्यात!"

हे बाहेरून ऐकत होते. ताडकन उठले, भावोजींच्या घरात शिरले आणि जे काही बोलले ते मी इथे सांगत नाही, देवाचं नाव निघालं असताना असे शब्द बरे दिसत नाहीत. सारांश असा, की फुलाच्या पाकळीला मेंदू नसतो आणि बाळाजीलाही नाही.

भावोजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक कौल उरलाय. तू विचार."

"मी?"

"जिवाचा माणूस लागतो. राजू झाला. आता तूच उरलास. पण विचारायचं ते रीतीने. आंघोळ करून, ओलेत्याने, हात जोडून, आई म्हणून. थट्टा नाही करायची."

हे घरी आले, मला म्हणाले, "हा माझी विकेट काढतोय." मी म्हटलं, तुमची विकेट जाऊ द्या, त्यांचा डोळा जातोय ते बघा. हे पानावरून उठले. जेवले नाहीत. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे, कारण त्या दिवशी सुकटीची चटणी होती.

दुसऱ्या दिवशी हे देवळात गेले. नेहमी जातात ते शिडीवर चढून, वायरी बघायला. या वेळी जमिनीवर उभं राहून देवीकडे बघितलं. बुधाजी तिथेच दोन पाय पसरून बसला होता. तो आपलं रडगाणं सांगायला लागला, की गेल्या जत्रेपासून देवी रुसलीय, जो येईल त्याला नाहीच म्हणते. लग्नाला नाही, रिक्षाला नाही, बोअरिंगला नाही. नवीन स्टेशन लवकर होईल का विचारलं, त्यालाही नाही. लोक मला बोल लावतात, म्हणतात बुधाजी, तुझ्या हाताला यश राहिलं नाही.

"गेल्या जत्रेपासून?" ह्यांनी विचारलं आणि मान वर केली.

देवीच्या डाव्या अंगाला भिंतीवर पंखा होता. गेल्या जत्रेला ह्यांनीच बसवलेला. बुधाजीला गाभाऱ्यात घामाने चक्कर आली, म्हणून दुकानातला एक जुना पंखा दुरुस्त करून आणला आणि भिंतीला ठोकला. आता त्याचा वारा यायचा तो थेट देवीच्या डाव्या खांद्यावर. डावी पाकळी सुकणार, सुटणार, पडणार. उजवी आपली आरामात चिकटलेली. म्हणजे वर्षभर गावाला जे उत्तर मिळत होतं ते देवीचं नव्हतं, आमच्या ह्यांच्या पंख्याचं होतं!

हे धावत आले. तोंडावर असा आनंद, की आमचा पहिला मुलगा झाला तेव्हाही दिसला नव्हता. भावोजींच्या खाटेशी उभं राहून हात नाचवून सगळं सांगितलं. वारा, पाकळी, ओल. "कळलं का बाळ्या? देवीने नाही म्हटलेलंच नाही! पंख्याने म्हटलंय!"

भावोजींनी खाटेवर मांडी सारखी केली. मग म्हणाले, "पंखा लावायच्या आधी तू देवीला कौल लावला होतास?"

"पंख्यासाठी कोण कौल लावतं?"

"नाही ना लावलास? म्हणूनच ती रागावली."

"अरे, पण पाकळी वाऱ्याने पडली!"

"आणि वारा कुणाचा?"

"माझा! पाचशे रुपयांची मोटर आहे ती!"

"आणि तू कुणाचा?"

हे तिथून तरातरा आले आणि आमच्या घरच्या भिंतीवर डोकं आपटायला निघाले. मी भिंतीपुढे उशी धरली, चुना नुकताच लावला होता.

तोवर गावात बातमी पसरली. देवळापुढे ही गर्दी! ज्याला वर्षभरात 'नाही' असा कौल मिळाला होता तो प्रत्येक जण ह्यांना जाब विचारायला आला. एकाची रिक्षा राहिली होती, एकीच्या पोरीचं जुळलेलं लग्न मोडलं होतं. त्यातली पोरगी मात्र मागून हळूच आली आणि ह्यांच्या पाया पडून गेली. म्हणाली, काका, पंख्याने वाचवलं, तो पोरगा मला अजिबात पसंत नव्हता. ह्यांनी तिला काय आशीर्वाद द्यावा तेच कळेना, कारण आशीर्वाद म्हणजे परत देव आला.

शेवटी असं ठरलं की पंखा बंद ठेवायचा आणि मंगळवारी ह्यांनी तिसरा कौल लावायचा. जे येईल ते भावोजी मानणार. उजवा आला तर दवाखाना, डावा आला तर काठी.

मग सुरू झाली तयारी. सांगते तुम्हाला, लग्नात एवढी नव्हती. ह्यांना हात जोडता येईनात! तळवे एकमेकांना लागले की लगेच टाळी वाजायची, किंवा कुस्तीत धरतात तसे पकडायचे. मी म्हटलं, अहो, दोन वायरी जोडत नाही आहात, सैल सोडा. फ्रिजसमोर उभे राहून सराव करायचे. फ्रिजच का? तर म्हणाले, त्याच्या आत निदान काहीतरी आहे हे मला माहीत आहे.

मंगळवारी सकाळी हे विहिरीवर आंघोळ करून ओल्या धोतराने निघाले. धोतर भावोजींचं, ह्यांच्याकडे कुठलं! ढेरीवर ते ठरत नव्हतं म्हणून वरून पँटचा पट्टा बांधला होता. अख्खा गाव देवळात. वैशाखाचं ऊन, पंखा बंद, गाभाऱ्यात श्वास घेता येईना. बुधाजीने आधीच भिंतीला टेकून डोळे मिटले होते. भावोजी देवीच्या पायाशी मांडी घालून बसले, नजर कुठेतरी हवेत. मी ओटीचं ताट घेऊन देवीच्या उजव्या हाताला उभी राहिले, बायकांची जागा तीच. उन्नती माझ्या मागे, माझा पदर मुठीत धरून.

बुधाजीने पाकळ्या लावल्या. "विचार, कमळाकर."

ह्यांनी हात जोडले. एक डोळा मिटला, दुसरा पाकळ्यांवर ठेवला. आणि सुरू केलं ते वीज मंडळाला अर्ज करतात तसं. "गावदेवीस नम्र विनंती करण्यात येते की, येथील रहिवासी बाळाजी यांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन करण्याबाबत तातडीने होकार मिळावा."

बायका पदर तोंडात धरून हसायला लागल्या. पाकळ्या जागच्या जागी. वेळ गेला. पाकळ्या तशाच. एवढ्या दमट हवेत त्या कसल्या सुटतायत! माणसं घामाने निथळायला लागली, कुणी टोपीने वारा घेतंय, कुणी वर्तमानपत्राने. ह्यांच्या धोतराचा पट्टा सरकत होता. हे कुजबुजले, "बुधाजी, किती वेळ चालतं हे?" बुधाजी म्हणाला, "देवीची मर्जी. माझ्या बापाच्या वेळी दिवस मावळला होता."

मग ह्यांनी देवीशी वाद घालायला सुरुवात केली. खरंच! भर देवळात, हात जोडलेलेच. "हे बघ, तू आहेस असं मी मानत नाही, हे तुलाही माहीत आहे. नसलीस तर मी दगडाशी बोलतोय. बोलतो. गाव हसतंय, हसू दे. पण समजा असलीस, फक्त समजा, तर तुला एवढं तरी कळतं ना, की हा माणूस मूर्ख आहे? माझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही, पोटच्या पोराचं ऐकत नाही. तुझंच ऐकतो. मग तू तरी शहाण्यासारखं बोल ना!"

आता कुणी हसलं नाही. ह्यांचा दुसरा डोळाही मिटला होता.

"आई," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून तो शब्द मी सासू गेल्यापासून ऐकला नव्हता. "आई, गणिताचं मी विसरलो. नारळ पण देतो. याचा डोळा गेला तर हा घरात बसेल गं. ओट्यावर यायचा नाही. मग मी रोज सकाळी कुणाशी भांडू? दुसरं कोण आहे मला?"

आवाज फुटला. रडायला लागले. एवढा मोठा माणूस, पट्ट्याने बांधलेल्या धोतरात, नाक ओढत, हात जोडून. माझ्या डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं. हजार वेळा भांडले असेन मी ह्यांच्याशी देवावरून, पण त्या क्षणी वाटलं, याहून चांगली प्रार्थना मलाही कधी जमलेली नाही.

आणि आता जे सांगते ते फक्त तुम्हाला. मलाही उकडत होतं. ओटीचं ताट मी पायाशी ठेवलं होतं आणि त्यातल्या पेढ्याच्या बॉक्सचं झाकण काढून आपली त्याने वारा घेत होते. घेता घेता माझं लक्ष गेलं, देवीच्या उजव्या खांद्यावरच्या पाकळीची कड हलली. मी झाकण थांबवलं. कड थांबली. मी डावीकडे बघितलं, डावी पाकळी अजून टवटवीत चिकटलेली होती. बुधाजीचे डोळे मिटलेले, गावाचे डोळे ह्यांच्यावर.

मग मी जोरात वारा घातला. दोन्ही हातांनी. हातातला हिरवा चुडा खळखळ वाजायला लागला, तरी थांबले नाही. देवीला फसवलं म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. लग्न होऊन आले तेव्हापासून तिची ओटी भरतेय, बायकाबायकांत एवढं चालतं.

उजवी पाकळी पडली. थेट भावोजींच्या मांडीवर.

"उजवा!" बुधाजी किंचाळला. देवळात एकच कल्ला झाला, घंटा वाजल्या, उन्नतीने मला घट्ट मिठी मारली. आणि आमचे हे? हात जोडलेले, तोंड उघडं, मांडीवरच्या पाकळीकडे बघत राहिले. पट्टा त्याच वेळी तुटला, पण राजूने वेळेवर धोतर धरलं म्हणून गावाची आणि आमची अब्रू राहिली.

ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा हे भावोजींच्या समोरच बसले होते. भावोजींनी डोळा उघडला, मिचकावला, ह्यांच्याकडे बारकाईने पाहिलं आणि म्हणाले, "कमळ्या, तुझे केस कुठे गेले?" हे म्हणाले, "देवाला वाहिले." डॉक्टरीणबाईंना वाटलं, खरंच तिरुपतीला जाऊन आले.

पण त्या दिवसापासून आमच्या घरात शांतता नाही. उजवी पाकळी आधी का पडली? हा एकच प्रश्न. पंखा बंद होता, दारातून वारा नव्हता, दोन्ही पाकळ्या एकाच फुलाच्या! ह्यांनी फ्रिजला पाकळ्या चिकटवून बघितल्या, तुळशीवृंदावनाला चिकटवल्या, एकदा मी झोपले असताना माझ्या खांद्यांना चिकटवल्या. परसातली जास्वंद बोडकी झाली. म्हणतात, योगायोग. पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. पंखा मात्र काढून वर मधोमध लावलाय, आणि दर मंगळवारी तो नीट चालतो का ते बघायला जातात. जाताना नारळ नेतात. पंख्याला नारळ कशाला लागतो ते मी विचारत नाही. परवा मी मागून जाऊन बघितलं तर हात जोडलेले! मला पाहिल्यावर म्हणाले, "वर बघताना हात कुठे ठेवायचे हा प्रश्नच पडतो."

मला सांगून टाकायचं होतं. कितीदा ओठांवर आलं. सांगितलं तर हे जिंकतील, आयुष्यभराचा वाद जिंकतील. पण मंगळवारचा तो नारळ जाईल. आणि खरं सांगू? मलाच माझी लाज वाटत होती. रोज पूजा करणारी मी, वेळ आली तेव्हा देवीवर विसंबले नाही. झाकणावर विसंबले. मग देव मानणारं आमच्यात कोण, हे की मी?

गेल्या आठवड्यात चहा घेऊन ओट्यावर आले. हे आत दाढी करत होते, भावोजी एकटेच बसले होते. चष्मा नवा, नजर स्वच्छ. कप घेताना माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "वहिनी, चुडा छान आहे. हिरवा आहे होय? त्या दिवशी मला दिसला नव्हता. नुसता ऐकू आला."

कप हातातून सुटायचा राहिला. "भावोजी!"

"डोळे गेले की कान फार तिखट होतात," ते म्हणाले आणि फुंकर मारून चहा प्यायला लागले.

"मग तुम्ही कौल मानलात कशाला?"

"मी देवीला विचारलं होतं. उत्तर कुणाच्या हाताने द्यायचं ते तिचं ती बघेल. पंख्याने नाही म्हणवलं, चुड्याने हो म्हणवलं, मी कोण मधे बोलणारा?" मग जरा थांबले, गालातल्या गालात हसले. "आणि खरं सांगू, त्या डोळ्यात सुई घालायची मला इतकी भीती वाटत होती, की पहिल्या दोन्ही वेळेला डावी पडली तेव्हा मी मनातून सुटलो होतो. पण हा गाढव तिथे रडायला लागला. त्यानंतर पाकळी पडली नसती, तरी मी गेलो असतो हो."

 डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी उगाच ओटा पुसायला घेतला.

आतून ह्यांचा आवाज आला. "बाळ्या! काय कुजबुज चाललीय रे?"

"काही नाही," भावोजी ओरडले. "देव आहे की नाही ते बघतोय."

"माझ्याशिवाय?" हे ओरडले, आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, एका पायात चप्पल घालून धावत बाहेर आले.